नासका नारळ

परवा देवापुढं फोडलेला नारळ नासका निघाला आणि त्या वासानं मला नव्वदीतल्या कळस गावच्या रंगमंचावर नेऊन उभं केलं. मी चिटणीस असलेल्या आमच्या नाट्यमंडळाला पडदा दिला होता गावच्या बागायतदारानं, लाइट बारामतीच्या व्यापाऱ्यानं, आणि शुभारंभाचा नारळ दोघांनाही स्वतःच फोडायचा होता. एक रुसला तर पडदा जाणार, दुसरा रुसला तर अंधार. शेवटी दोघांनी एकाच दगडावर एकदमच नारळ आपटले, भकलं एकमेकांत मिसळली आणि घाण वास सुटला. नासका कुणाचा? दोघांचेही डोळे माझ्यावर. तेवढ्यात पेटीवाले तात्या ओरडले, "आवो, नासका म्हंजी देवानं घेतला, लई शुभ हाय!" माझा जीव भांड्यात पडतोय तोच दोघंही गरजले, "त्यो माझा हाय!" आजही पडदा वर जाईपर्यंत माझं लक्ष नटांकडं नसतं, देणगीदारांच्या रांगेकडं असतं.