टोरांटोचा केर

फणसवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत एक कायदा आहे. घरातून कुणी प्रवासाला निघालं, की ते माणूस पोचेपर्यंत केर काढायचा नाही. कायदा आईचा, त्यामुळे अपील नाही. मी दादरला गेले तर अर्धा तास, मामा पुण्याला निघाला तर चार तास, एवढाच काय तो त्रास. मग धाकटा भाऊ टोरांटोला निघाला.

सामानाचं वजन जास्त भरलं म्हणून त्याने बॅग उघडून निम्मा फराळ बाहेर काढला, त्यात मेतकुटाची पिशवी फुटली. सुतळ्या, कागदाचे कपटे, सांडलेला चिवडा आणि सगळ्यावर पिवळं मेतकूट. अशा खोलीत आईच्या पाया पडून तो सकाळी दहाला निघाला. मी केरसुणी उचलली. आईने ती काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी हळदीकुंकू होतं, बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका येणार होत्या. माझं डोकं फिरलं. फोनवर बघून मी तिला सांगितलं, साडेबारा हजार किलोमीटर, विमानाने पंधरा तास. ते सरळ उडालं तर. याला मध्ये विमान बदलायचं होतं, थांबा धरून सव्वीस तास होत होते, हे मी गिळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी बेधडक सांगून टाकलं, पोचला म्हणून. आईने केरसुणी दिली. मी कानाकोपरा झाडला. भरलेली सुपली माझ्या हातून घेऊन ती गॅलरीत गेली.

नंतर मात्र मला चहासुद्धा जाईना. मधल्या विमानतळावरून तो मेसेज करणार होता, तो आला नव्हता. असल्या समजुतींची मी जन्मभर टर उडवत आले, आणि आता वाणाच्या पुड्या बांधताना दर मिनिटाला फोन बघत होते. मला भीती वाटत होती. माझ्या हातून भलतंच काही झालंय असं वाटत होतं.

चारच्या सुमाराला त्याचा फोन आला. "पोचलो गं. मध्ये फोन लागलाच नाही." मी रडायला लागले. आईने फोन घेतला, स्वेटर घातलास का, काही खाल्लंस का, सगळं विचारून झालं.

मग ती गॅलरीत गेली आणि पाण्याच्या पिंपामागून सुपली घेऊन आली. वर वर्तमानपत्र झाकलेलं, खाली सगळा केर तसाच, मेतकुटासकट.

"तिकीट त्याने मला आधीच वाचून दाखवलं होतं," ती म्हणाली. "बायका यायच्या म्हणून झाडू दिलं तुला. पण घराबाहेर नाही टाकला."

सुपली तिने माझ्या हातात दिली.

"जा, आता टाकून ये."