गुडघ्यांवरचा टॉवेल

टॉवेलातून वाफ निघत होती. सुनेने तो कुंडातल्या गरम पाण्यात बुचकळला, पिळला आणि म्हाताऱ्या सासूच्या गुडघ्यांना गुंडाळून दिला. "तेवढीच ऊब," म्हातारी म्हणाली आणि एसटीच्या थांब्याकडे पाय ओढत निघाली.

कोकणातल्या त्या गावात गरम झऱ्याचं बायकांचं कुंड अगदी लहान, तिघी बसल्या की भरलंच. आम्ही तिघी बहिणी कॅराव्हॅन घेऊन भटकत होतो. रस्त्यात कुंडाची पाटी दिसली म्हणून थांबलो आणि गळ्यापर्यंत पाण्यात जाऊन बसलो. या सासू-सुना आल्या तेव्हा मी म्हटलंही, "आम्ही निघतोच." सून काठावर टेकत म्हणाली, "असू दे हो, पाहुण्या तुम्ही. होऊ दे सावकाश."

आणि आम्ही खरंच सावकाश होऊ दिलं! पाहुणचारात दोन्हीकडून थोडं खोटं बोलायचं असतं. एकाने 'बसा' म्हणायचं, दुसऱ्याने उठायचं. कुणाच्या घरी जेवणवेळेला गेले की मला हे बरोबर आठवतं. त्या कढत पाण्यात मात्र अंग इतकं सैलावलं होतं, की तिचं बोलणं मी सोयीने खरं धरलं. मग खालून एसटीचा हॉर्न ऐकू आला. त्यांची परतीची ती शेवटची गाडी होती.

एसटी त्यांना घेऊन वळणाआड गेली, तेव्हा मी कॅराव्हॅनच्या दारात केस पुसत उभी होते. आत अंथरलेले पलंग रिकामे होते. त्या दोघींना आपण घरी सोडू शकलो असतो, हे मला तेव्हा सुचलं.