बाहेरचं काही

लेकीचं तोंड सुजलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘‘बाळसं धरलंय.’’ निघाला मूत्रपिंडाचा आजार. दवाखान्याच्या गोळ्या सुरू झाल्या आणि घरी सासूबाईंचा घेटुळीच्या मुळांचा काढाही. डॉक्टरांनी विचारलं, ‘‘बाहेरचं काही देता का?’’

‘‘अंगारेधुपारे नाही करत आम्ही,’’ सासूबाई ठसक्यात म्हणाल्या. घरातली पहिली पदवीधर मी. डॉक्टरांचा रोख काढ्याकडे आहे हे समजूनही गप्प बसले.

आज दवाखान्यात तोच प्रश्न ऐकून माझ्या पुढच्या बाईनं काढ्याची बाटली पदराआड सरकवली. तिचा दमलेला हात मला माझाच वाटला. आजारापेक्षा हे लपवणंच जास्त दमवतं.

माझा नंबर आल्यावर मी पिशवीतली आमची काढ्याची बाटली टेबलावर ठेवली.

‘‘तपासण्या होईपर्यंत हा काढा बंद, गोळ्या चालू,’’ डॉक्टर म्हणाले.

लेकीच्या पोटात काय काय जातं, ते आता त्यांना सगळं ठाऊक आहे.