अंगरखा कुणाचा?

"अंगरखा कुणाचा, ते आधी सांगा," असं म्हणून पाळकसाहेब चष्मा काढायचे आणि कोटाच्या टोकाने काचा पुसत बसायचे. काचा पुसून होईपर्यंत सोडतीची तिकिटं विकायला आलेला माणूस पुढच्या टेबलाकडे सरकलेला असे.

ठाण्याच्या कचेरीत माझं टेबल त्यांच्या टेबलाला लागून होतं. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं. वरचे साहेब बदलले होते, पंखे तेच होते. ते मूळचे नगरकडचे, वडील तिकडे प्रोटेस्टंट ख्रिस्ती मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू. म्हणून आम्ही त्यांना पाळकसाहेब म्हणायचो. ते रागावत नसत, आणि म्हणून आम्हालाही चिडवण्यात फारशी मजा येत नसे.

तुम्ही कचेरीत काम केलं असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, तिथे जुगाराला कोणी जुगार म्हणत नाही. कोणी बक्षिसाची शब्दकोडी भरायचं, कोणी महालक्ष्मीच्या घोड्यांची नावं पाठ करायचं. न्यूयॉर्कला कापसाचा भाव काय फुटतो यावर आकडा लावणारेही होते, आणि त्यांतल्या निम्म्यांनी कापूस पाहिला होता तो फक्त उशीत. या सगळ्यांना पाळकसाहेबांचं एकच उत्तर असे, ते म्हणजे अंगरखा.

हा अंगरखा काय, हे मी एकदा डबा खाताना विचारलं. त्यांनी पोळीचा घास खाली ठेवून सांगितलं. येशूला क्रुसावर दिल्यावर शिपायांनी त्याचे कपडे वाटून घेतले. अंगरखा मात्र अखंड विणलेला होता, शिवण नव्हती. फाडला तर वाया जाईल म्हणून त्यावर त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. "आपसांत ते अगदी न्यायाने वागले हो," ते म्हणाले, "कुणी कुणाला फसवलं नाही. फक्त वर कुणी पाहिलं नाही."

मी डब्यातली भाजी नुसती चिवडत राहिलो. मग त्यांनीच विचारलं, भाजीत मीठ जास्त झालंय का.

गंमत अशी, की त्यांच्याच घरात जुगार होता. वहिनी ठाण्याच्याच जुन्या कॅथलिक घरातल्या. हे लग्न दोन्हीकडच्या नातेवाइकांना रुचलं नव्हतं, पण या दोघांना चांगलंच रुचलं होतं. मे महिन्यात तलावाजवळच्या चर्चची जत्रा भरे आणि चर्चच्या छपरासाठी पैसे जमवायला तिथे हौजी चाले. पाद्री स्वतः मांडवात उभे राहून आकडे पुकारत. वहिनींची खणाच्या कापडाची एक पिशवी होती, त्यात धुऊन वाळवलेले चिंचोके. पुकारलेला आकडा आपल्या कागदावर असला की त्यावर चिंचोका ठेवायचा. वहिनी दोन कागद घ्यायच्या, एक स्वतःचा आणि एक नवऱ्याच्या नावाचा, आणि दोन्हींवर हरायच्या.

नवरा तेव्हा बाहेर, तलावाच्या कठड्यावर, मांडीवर छत्री घेऊन बसलेला असे. आत जायचं नाही हे तत्त्व, आणि तिला उन्हातून एकटीला परत पाठवायचं नाही हेही तत्त्व. मधल्या सुट्टीत पाद्री त्यांच्यासाठी कोकमचं सरबत घेऊन बाहेर येत आणि दोघांचा दरवर्षीचा वाद सुरू होई. त्यांच्याबरोबर मी दोन-तीनदा होतो, म्हणून ऐकला आहे.

पाद्रींचं म्हणणं सरळ होतं. पैसा आपला असावा, घरच्यांच्या तोंडचा नसावा, खेळात लबाडी नसावी. मग चार घटका गंमत केली तर त्यात पाप कुठलं? शिवाय येशूच्या प्रेषितांनीही रिकाम्या जागेवर बारावा माणूस निवडताना चिठ्ठ्याच टाकल्या होत्या. पाळकसाहेब म्हणत, त्यांनी काम वाटून घेतलं, कुणाचं काढून नाही घेतलं. आणि परवडणारा पैसा आहे ना, मग लोकांनी तो तसाच द्यावा, चर्चचं छप्पर तसंही होईल. यावर पाद्री मनापासून हसत आणि म्हणत, "तसं कोण देतं, बाबा?" सरबताचे पेले घेऊन ते पुन्हा आकडे पुकारायला जात.

वहिनी बाहेर आल्या की पहिलं वाक्य ठरलेलं. "फक्त एक नंबर राह्यला होता हो. एकच!" पाळकसाहेब गंभीरपणे कुठला नंबर ते विचारत आणि छत्री उघडून आपल्या डाव्या हाताला चालणाऱ्या वहिनींवर धरत.

पुढे कचेरीतल्या आम्ही काही जणांनी मिळून सोसायटी काढली आणि नौपाड्यात दोन मजली इमारत उभी केली. खोल्या तयार झाल्या तेव्हा कुठली कुणाला यावर मिटिंग बसली. वहिनींना तोवर हृदयाचा आजार जडला होता, डॉक्टरांनी जिना वर्ज्य सांगितला होता. पाळकसाहेबांनी उठून सुचवलं की ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांना तळमजला द्यावा, बाकीचं नंतर पाहू. झालं! पाच मिनिटांत निम्म्या सोसायटीच्या घरी दुखणी निघाली. कुणाच्या आईचे गुडघे, कुणाच्या सासऱ्यांचा दमा. एकाने तर स्वतःची मूळव्याध भर सभेत मांडली.

शेवटी आमच्या चिटणिसांनी मडकं आणलं. हे चिटणीस कापसाच्या आकड्याचे जुने भक्त, एकटा जीव. ते म्हणाले, चिठ्ठ्या टाकू, म्हणजे कुणावर अन्याय नको. सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही वाटलं.

पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पण काचा पुसल्या नाहीत. ते म्हणाले, "कुणाला गरज जास्त, हे ठरवायची आपल्याला लाज वाटते, म्हणून आपण मडक्याकडे ढकलतोय. मी हात घालणार नाही. उरेल ती मला द्या."

मी त्यांचा कोट ओढून खाली बसवलं. कानात सांगितलं की उरलेली चिठ्ठी हीही चिठ्ठीच असते, हट्ट करू नका, वहिनींचा विचार करा. ते ऐकेनात. सगळ्यांनी काढून झाल्यावर मडक्यात एक चिठ्ठी उरली. चिटणिसांनी ती वाचली. दुसरा मजला, जिन्यापासून लांबची खोली. तळमजल्याची नळाजवळची खोली खुद्द चिटणिसांना लागली होती. जन्मात पहिल्यांदाच त्यांना काही लागलं होतं, त्यामुळे त्यांनी पेढे वाटले.

राहायला आल्यावर वहिनी चार पायऱ्या चढायच्या आणि बसायच्या. पहिल्या मजल्याच्या वळणावर कुणीतरी स्टूल ठेवलं. त्या नवऱ्याशी भांडल्या नाहीत, पण पूर्वी ज्या हसण्याने त्या त्यांना छेडायच्या ते बंद झालं. पाळकसाहेब एका हातात पाण्याची बादली आणि दुसऱ्या हाताने बायकोचा दंड धरून वर जाताना दिसत. मला त्यांचा राग यायचा. आदरही वाटायचा, पण राग जास्त, हे आता लिहायला हरकत नाही.

जिन्याच्या पायथ्याशी बसलेल्या वहिनी येता-जाता चिटणिसांना विचारायच्या, "काय भाऊ, लागला का आज?" इमारतीत त्यांच्या आकड्याची एवढ्या आपुलकीने चौकशी करणारं दुसरं कुणी नव्हतं. बाकीचे त्यांना फुकटचा उपदेश करायचे. चिटणीस दोन मिनिटं थांबत, किती थोडक्यात हुकलं ते सांगत. दोघंही हरण्यात मुरलेले, त्यामुळे छान जमायचं.

एका संध्याकाळी असंच विचारताना वहिनींना वाक्य पुरं करता आलं नाही. ओठ निळे पडले, श्वास घेता येईना. चिटणिसांनी आणि मी त्यांना उचलून नळाजवळच्या त्या खोलीत, चिटणिसांच्याच खाटेवर निजवलं. डॉक्टर येऊन गेले. श्वास ताळ्यावर आला. चिटणीस दारात उभे होते. ते पाळकसाहेबांना म्हणाले, "आता यांना वर नेऊ नका. मीच वर जातो. माझं सामान ते काय!"

मला वाटलं, आता अंगरखा निघणार. चिठ्ठीने मिळालेली खोली हे कशी घेतील? पण पाळकसाहेबांनी चिटणिसांचे दोन्ही हात धरले. "घेतो," ते म्हणाले, "मडक्याकडून घेतली नसती. तुम्ही देताय." मग सावकाश म्हणाले, "तत्त्व माझं होतं हो, जिना मात्र हिला चढावा लागला."

वहिनी खाटेवरून पाहत होत्या. "एकच नंबर राह्यला होता," त्या पुटपुटल्या, आणि कित्येक दिवसांनी नवऱ्याकडे बघून हसल्या.

तळमजल्यावर त्या दोन वर्षं राहिल्या. सुखात राहिल्या, असं मी म्हणेन. दोन्ही वर्षी घोडागाडी करून हौजीला गेल्या आणि हरून आल्या. नंतरच्या थंडीत गेल्या. चिटणीस लहान मुलासारखे रडले. पाळकसाहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी देत राहिले.

मग मे महिना आला. मी तलावावरून चाललो होतो. चर्चच्या आवारात मांडव होता, पाद्रींचा आवाज येत होता. कठड्यावर, नेहमीच्या जागी, पाळकसाहेब छत्री घेऊन बसले होते. मांडीवर खणाची पिशवी होती. मी शेजारी बसलो. म्हणालो, इतक्या वर्षांत एकदा तरी आत जायचं होतंत, खेळायचं नव्हतं तर नुसतं तिच्याजवळ बसायला.

"आत गेलो असतो," ते म्हणाले, "तर ती बाहेर येऊन कुणाला सांगणार होती?"

आत कुणीतरी जिंकल्याचा गलका झाला. खेळ संपला, लोक बाहेर पडू लागले. पाळकसाहेब उठले, पिशवी कोटाच्या खिशात ठेवली आणि दारातून येणारा प्रत्येक चेहरा पाहत शेवटचा माणूस निघेपर्यंत उभे राहिले. मग त्यांनी छत्री उघडली आणि नेहमीसारखी डावीकडे जरा जास्त झुकवून धरली. त्यांचा उजवा खांदा उन्हात होता. तसेच ते रस्त्याच्या कडेने हळूहळू घराकडे गेले.