लेकीला कळवू नकोस

काका आमच्याकडे कधीही पुढच्या दाराने आले नाहीत. दोन घरांमधल्या कुंपणाची एक फळी निखळली होती, त्या फटीतून अंग चोरून ते मागच्या अंगणात यायचे आणि स्वयंपाकघराच्या काचेवर दोन बोटांनी टकटक करायचे. शहात्तर वर्षांचा माणूस, अमेरिकेत पन्नास वर्षं काढलेला, आणि स्वतःच्याच घरातून चोरासारखा बाहेर पडायचा. कारण त्यांच्या पुढच्या दारावर लेकीने कॅमेरा बसवला होता. बाबा किती वाजता बाहेर पडले, किती वाजता परतले, हे तिला देशाच्या दुसऱ्या टोकाला, क्युपर्टिनोत बसल्या बसल्या फोनवर दिसायचं.

मी काच सरकवली की वाक्य ठरलेलं असायचं. "गुरुवारी मोकळी आहेस ना? आणि हे बघ, लेकीला कळवू नकोस."

मी घरून काम करते, हा माझा गुन्हा. आयसेलिनच्या आमच्या गल्लीत दिवसाउजेडी घरी सापडणारी, गाडी चालवणारी आणि मराठी बोलणारी मी एकटीच. तुमच्या शेजारी असे एकटे काका किंवा काकू राहत असतील, तर पुढचं तुम्हाला सांगायला नको. इतरांसाठी सांगते. इथे भूल देऊन कसलीही तपासणी केली की पेशंटला एकट्याला घरी सोडत नाहीत. टॅक्सी चालत नाही. कुणीतरी ओळखीचं मोठं माणूस तिथे हजर लागतं आणि त्याने सही करावी लागते. तीन वर्षं ते ओळखीचं माणूस मी होते.

पहिल्यांदा कोलोनोस्कोपी झाली. भूल पुरती उतरली नव्हती तेव्हा नर्सने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, ही तुमची मुलगी का? काकांनी तिला जवळ बोलावलं आणि अगदी गुपित सांगावं तसं इंग्रजीत सांगितलं, की मुलगी वेगळी, तिला यातलं काही माहीत नाही, आणि तुम्हीही सांगू नका. गाडीत बसल्यावर म्हणाले, कालपासून पोटात अन्नाचा कण नाही, मसाला डोसा खाऊ. मी पेज खा म्हणत होते. शेवटी ओक ट्री रोडवर डोसा समोर आला आणि नेमका लेकीचा व्हिडिओ कॉल आला. "भाजी घ्यायला आलोय," काका म्हणाले. हाताला दवाखान्याचा पट्टा तसाच होता, तो त्यांनी टेबलाखाली धरला होता.

मोतीबिंदू काढला तेव्हा डोळ्यावर झाकण होतं, म्हणून चार दिवस त्यांच्या फोनचा कॅमेरा बिघडला. चौथ्या दिवशी तिने नवा फोन पाठवून दिला. तो परत पाठवायला पोस्टात मलाच जावं लागलं.

मी कानीकपाळी ओरडून सांगायचे, काका, तिला सांगा. ते मान डोलवायचे. सांगतो, पण इतक्यात नको. नातवाची परीक्षा आहे. मग तिची नवी नोकरी होती. मग ती नोकरी जरा सेटल व्हायची होती. मग जावयाच्या गुडघ्याचं काहीतरी निघालं. जावयाचा गुडघा दुखतो म्हणून सासऱ्याचं दुखणं लपवायचं, हे तर्कशास्त्र मला आजवर कळलेलं नाही. मी त्यांच्यापुढे हात टेकले होते.

एकदाच, गाडीत, त्यांनी खरं कारण सांगितलं. सहा वर्षांपूर्वी काकू आजारी होत्या तेव्हा लेक आठ महिने इथे येऊन राहिली होती. तिची नोकरी गेली, धाकटा मुलगा तिला ओळखेना झाला, आणि शेवटी तिचीच तब्येत ढासळली. "एकदा तिनं केलं," काका खिडकीबाहेर बघत म्हणाले. "दुसऱ्यांदा मी तिला करू देणार नाही." मला राग आला होता, पण पुढच्या वेळीही गाडी मीच काढली.

मग मागच्या ऑक्टोबरात हृदयाच्या झडपेचं दुखणं निघालं. ती नीट उघडत नाही, डिसेंबरात बदलायला हवी, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी सोबत कोण असेल, असं विचारल्यावर काकांनी माझ्याकडे हात केला. त्या दिवशी मी भर पार्किंगमध्ये त्यांच्यावर चिडले. म्हटलं, रविवारपर्यंत तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. रविवारी लेकीच्या फोनच्या वेळी मी मुद्दाम त्यांच्या शेजारी जाऊन बसले. पस्तीस मिनिटं त्यांनी नातवाच्या सॉकरबद्दल गप्पा मारल्या, मला हॅलो करायला लावलं आणि फोन ठेवला. म्हणाले, तिचा आवाज थकलेला वाटला गं.

मीही काही बोलले नव्हते, हे इथे कबूल करायला हवं. फोन माझ्याही हातात आला होता.

त्यानंतर घड्याळाचा प्रकार सुरू झाला. लेकीने त्यांना मनगटावर बांधायचं एक घड्याळ दिलं होतं. त्यात सिम होतं, पावलांचे आणि हृदयाच्या ठोक्यांचे आकडे तिला फोनवर दिसायचे, माणूस पडला तर आपोआप तिला फोन जायचा. काकांना चालताना धाप लागायला लागली, पावलं कमी झाली, आणि तिकडून रोज ओरडा सुरू झाला. एका सकाळी काचेवर टकटक झाली. काकांनी घड्याळ काढून माझ्या ओट्यावर ठेवलं.

"थँक्सगिव्हिंगला ती येतेय. तीन आठवडे फक्त. समोर बसवून सांगतो, तुझ्या देखत सांगतो. तोवर हे तू घाल."

मी नाही म्हटलं. अर्थातच नाही म्हटलं. काका खुर्चीत बसले होते, कुंपणापासून ओट्यापर्यंत येऊन त्यांचा श्वास अजून खाली बसला नव्हता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत. तीन आठवडेच तर आहेत, असं म्हणून मी ते घड्याळ घातलं.

पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी नेहमीसारखी तळ्याला फेरी मारून आले. दुसऱ्या सकाळी काका तक्रार घेऊन हजर. सात हजार पावलं चालतात होय? जरा बेताने, तिला शंका येईल. पुढच्या दिवशी माझ्या मीटिंगा होत्या, तर संध्याकाळी म्हणाले, दिवसभर बसूनच होतीस का, लेक मला बोलली. मग त्यांनी मला आकडाच ठरवून दिला: साडेचार हजार, आणि रविवारी थोडी जास्त. माझ्या हृदयाचे ठोके बघून लेक खूश झाली होती. बाबांची तब्येत सुधारतेय, असं तिने त्यांना कळवलं, आणि तो मेसेज त्यांनी मला कौतुकाने दाखवला. मी दोन्ही मनगटांवर दोन घड्याळं बांधून हिंडत होते. ऑफिसच्या कॉलवर एकाने विचारलंसुद्धा.

अकराव्या दिवशी मी तळ्यापाशी होते. दुपारचे बारा वाजायचे होते. हॉस्पिटलमधून फोन आला. काका वाण्याच्या दुकानात कोसळले होते, लोकांनी लगेच ॲम्ब्युलन्स बोलावली होती, पाकिटातल्या चिठ्ठीवर माझा नंबर होता आणि नात्याच्या जागी 'शेजारी' असं लिहिलं होतं. त्या बाईने विचारलं, घरचं कुणी आहे का?

मी गाडीकडे धावत सुटले आणि धावता धावताच क्युपर्टिनोला फोन लावला. बाबांना हॉस्पिटलात नेलंय, लगेच नीघ, असं सांगितलं. लेक अगदी शांतपणे, मला समजावल्यासारखी म्हणाली, "नाही ताई, काहीतरी गडबड झालीय. बाबा वॉकला गेलेत. मी आत्ता बघतेय ना, ही इज वॉकिंग. फास्ट चालतायत."

मी थांबले. रस्त्याच्या कडेला उभी राहिले आणि तिला सांगितलं की ते पाय माझे आहेत.

तिचं विमान उतरायच्या आधीच काका गेले. घड्याळ त्यांच्या हातात असतं तरी फरक पडला नसता, माणसं आजूबाजूला होती, मदत वेळेत मिळाली, असं डॉक्टर म्हणाले. मीही स्वतःला तेच सांगते. काकांचा राग मात्र अजून जात नाही. भांडायला माणूस समोर नाही, त्यामुळे तो आणखीच वाढतो.

आठवड्याने ती आमच्याकडे आली आणि स्वयंपाकघरात बसली. मी सगळं सांगितलं, कोलोनोस्कोपीपासून झडपेपर्यंत, काही न वगळता. ती ओरडेल अशी माझी अपेक्षा होती, इच्छाही होती. तिने फक्त फोन काढून माझ्यापुढे ठेवला. दिवसामागून दिवस, पावलांचे आकडे.

"यात बाबा कुठले?" तिने विचारलं.

मी माझे अकरा दिवस ओलांडून मागे गेले. तिथे, आदल्याच दिवशी, सहाशे बारा असा आकडा होता. म्हटलं, हे बाबा. त्या दिवशी ते पत्रपेटीपर्यंत जाऊन आले होते. परत येताना तीनदा थांबले, शेवटी गाडीला टेकून उभे राहिले. मी खिडकीतून बघत होते.

तिने त्या आकड्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"त्या दिवशी मी त्यांना लेझी म्हटलं होतं," ती म्हणाली. "ते हसले होते, ताई. म्हणाले, उद्यापासून बघ."