एन दाबल्यावर आलेली ओळ

आधीच सांगते — रस्त्यात पडलेला उतारा सरळ ओलांडून जाणारी बाई आहे मी. सासूबाईंना त्याचा फार राग यायचा. त्यामुळे खालचं वाचून कोणी हसलं तर हसा... मीही हसले असते.

नव्वदीतली गोष्ट. वाशीला एका शॉपिंग सेंटरच्या पहिल्या मजल्यावर आमचं टायपिंग सेंटर होतं. आमचं म्हणजे लिमयेकाकांचं, मी तिथे नोकरीला. कॉम्प्युटर एकच, काळ्या स्क्रीनचा, माउसबिउस काही नाही. प्रत्येक कामाला लांबलचक कमांड टाइप करायची. मला मेलीला कायम घाई, म्हणून मी शॉर्टकट करून ठेवले होते. बी टाइप करून एंटर मारलं की फ्लॉपीवरचं सगळं कॉम्प्युटरवर उतरायचं. एन टाइप केलं की फ्लॉपी पुसून कोरी — मधले 'नक्की ना?' वगैरे प्रश्नसुद्धा मी काढून टाकले होते.

काकांना हे अजिबात पसंत नव्हतं. काही पुसायची वेळ आली की ते मला हात कीबोर्डवरून उचलायला लावत. "अगं थांब. आधी चहा." मी जाम वैतागायचे. मग काका अचानक गेले, हार्ट अटॅकने. पाठोपाठ कॉम्प्युटरची हार्ड डिस्कही गेली. काकूंनी नवीन बसवून दिली, सेंटर चालू ठेव म्हणाल्या, आणि मी माझे शॉर्टकट त्या नव्या डिस्कवर पहिल्यापासून टाइप केले.

त्याच आठवड्यात सुनंदा आली. दिवाळे गावातली, कोळ्यांची मुलगी, घरात एवढी शिकलेली पहिलीच. तिचा पीएचडीचा प्रबंध आमच्याकडेच टाइप झालेला, दुसऱ्या दिवशी जमा करायचा होता. आमच्याकडची कॉपी जुन्या डिस्कबरोबर गेलेली. उरली होती फक्त तिच्याजवळची फ्लॉपी. सोबत तिचे वडील, पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलेले.

"ताई, पोरीचं सगलं हाय ना नीट? सकालपासून पानी पन नाय प्याली."

"आहे हो दादा," म्हणत मी फ्लॉपी आत सरकवली आणि बोलता बोलताच एक अक्षर दाबून एंटर मारलं.

फ्लॉपीचा दिवा लागलाच नाही. स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांत एक मराठी ओळ आली — थांब. आधी चहा.

मी तिच्या वरची ओळ पाहिली. बी नाही... एन. कीबोर्डवर दोघं अगदी शेजारी-शेजारी. त्या मुलीची इतक्या वर्षांची मेहनत मी पुसायला निघाले होते. फ्लॉपी ओढून काढली आणि हातात धरून बसले.

"काय झालं ताई?" सुनंदाचा चेहरा उतरला.

"काही नाही गं. चहा सांगते." खिडकीतून खालच्या टपरीवाल्याला हाक मारली, "चार चहा पाठव रे."

चहा झाल्यावर एका बोटाने, बघून बघून, बी दाबलं. प्रबंध आख्खा उतरला, एक पानही कमी नाही. प्रिंटर करकरायला लागला आणि सुनंदाने पाण्याचा ग्लास मागितला. इतकं हलकं मला माझ्या बाळंतपणानंतरही वाटलं नव्हतं.

ते दोघं गेल्यावर मी एनचा शॉर्टकट उघडून पाहिला. मी लिहिलेली पुसायची कमांड, जशीच्या तशी. दुसरी एक फालतू फ्लॉपी घालून एन दाबलं — काही न विचारता पुसली गेली. ती ओळ डिस्कवर कुठेच नव्हती. काकांनी कधी गमतीत घालून ठेवली म्हणावी, तर ही डिस्कच ते गेल्यानंतर आलेली.

"व्हायरस असेल मॅडम," कॉम्प्युटर दुरुस्त करणारा म्हणाला. व्हायरसला चहाचं कसं सुचलं विचारलं, तर तो बिल लिहायला लागला.

आणि हो, आम्ही तिघंच होतो, तरी माझ्या तोंडून चार चहा निघाले होते. चौथा ग्लास कीबोर्डशेजारी तसाच राहिला. सेंटर बंद करताना तो गार चहा मीच प्यायले, आणि मग एनचा शॉर्टकट काढून टाकला.