जहाजावर कोण्या टाइमाले जावं?

जिनिंगच्या आवारात दिवस काढला की घरी जाताना रुईचे तंतू अंगावर येतातच. कितीही झटका, बाहीच्या घडीत एखादा राहतो. किस्स्यांचं तसंच आहे. आम्ही ते गोळा करत नाही, तेच चिकटतात! त्यातही बोंडअळीनं कापूस खाल्ला ती दोन-तीन वर्षं तर विचारूच नका. आमच्या आर्णीची जिनिंग दोन दिवस चालायची अन आठ दिवस बंद राहायची. मी तिथल्या वजनकाट्यावरचा मापारी. मोजायला कापूस नाही, मग माणसं मोजत बसायचो!

फाटकासमोर चहाची टपरी, अन टपरीच्या बाजूला मोडक्या बैलबंडीची साटी पडलेली. त्यावर आम्ही चौघं. मी, म्हणजे बापू, सातवी नापास. वानखडे गुरुजी, रिटायर मास्तर, आमच्यातले एकटे इंग्रजी वाचणारे. गुलाबभाऊ राठोड, बसस्टँडवर माइकवरून गाड्या पुकारणारा कंट्रोलर, तोही रिटायर. अन चौथा सदाशिवभाऊ. त्याचं बी-बियाण्याचं दुकान. या माणसाचा कोणावरच भरवसा नाही. टपरीवाल्यानं चहा दिला की आधी माझ्या कपात डोकावून पाहणार, मग स्वतःच्या!

* * *

एक दिवस सदाशिवभाऊ इंग्रजी कागद घेऊन आला. मागच्या हंगामात त्याच्या दुकानातून थैल्या जास्त गेल्या म्हणून बियाण्याच्या कंपनीनं बक्षीस दिलं होतं. नवरा-बायकोनं मुंबईहून मोठ्या जहाजात बसायचं, गोवा पाहायचा अन वापस यायचं.

दुसरा असता तर पेढे वाटले असते. सदाशिवभाऊचं तोंड उतरलेलं.

"लोकं माह्या दुकानासमोर किडके बोंडं आणून ओतून राह्यले, अन हे मले जहाजात बसवून राह्यले. काहून?"

गुलाबभाऊ म्हणाला, "समुद्राच्या मधात नेऊन सोडून देत असतीन. तठी कोणी बोंडं घेऊन येत नाही!"

गुरुजींनी चष्मा पुसून कागद वाचला. "जहाज सुटणार पाच वाजता. तुमची यायची वेळ साडेबारा ते दीड. साडेतीनला दार बंद."

"सुटते पाचले अन दार लावतेत साडेतीनले? मंग दीड घंटा आतमधी करतेत काय?"

गुरुजी पुढं वाचायला लागले, "कृपया दिलेल्या वेळेच्या आधी येऊ नये."

आमच्या उभ्या आयुष्यात प्रत्येक खिडकीवर आम्ही एकच ऐकलेलं, "उशिरा आले, कालच यायचं होतं." लवकर येऊ नका असं कोणी म्हटल्याचं एकालाही आठवेना.

सदाशिवभाऊनं कागदाची बारीक घडी केली. इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "म्हणजे जे काही भेटते ते लवकर येणाऱ्यालेच भेटते!"

* * *

हा माणूस कुठंही लवकर जातो याचा साक्षीदार मी स्वतः आहे.

बोरी अरबला एका लग्नाचं आमंत्रण होतं. मुहूर्त दुपारचा. पण पत्रिकेवरची वेळ खोटीच असते हे सदाशिवभाऊचं ठाम मत. सकाळी सातला नवरा-बायको मांडवात हजर. मांडव म्हणजे नुसते बांबू, कापड अजून यायचं होतं.

मुलीच्या बापानं यांना पाहिलं अन जीव भांड्यात पडल्यासारखं म्हणाला, "आले का बाप्पा! किती वाट पाहावी? वांगे तिकडे हायेत!"

त्याला वाटलं आचाऱ्याची माणसं! सदाशिवभाऊ संशयी खरा, पण भिडस्त. दोन पोते वांगी चिरली त्यानं. कमलवहिनी नव्या कोऱ्या साडीत लसूण सोलत बसल्या.

बरं, एवढं करून जेवावं तरी! अक्षता पडल्या न पडल्या तोच हा उठला, "चाल कमल, सारे निघाले का बस भेटत नाही." मी पंगतीत बसलेलो. वांग्याची भाजी फक्कड झाली होती. तसं मी वहिनींना दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्या म्हणाल्या, "असन. मी तं वासच घेतला."

* * *

गुलाबभाऊचं मत बरोबर उलटं.

"याडी ये, अरे माय! मी तीस वर्षं माइकवर टाइम सांगतले. एकबी खरा निंगाला नाही. सद्या, तू आरामात जाय. जहाज काय, बस काय, डायवर चहा पेल्याशिवाय हलत नाही."

मग त्यानं झरी जामणीकडच्या एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. म्हातारा जंगलातून पायी चालत स्टँडवर यायचा. एकदा खिडकीशी आला अन विचारलं, "साहेब, सहाची गेली का?"

"अजून सहा वाजाचे हायेत बाबा."

"आजची नाही जी. कालची."

गुलाबभाऊनं वही पाहिली. कालची सहाची अजून आलीच नव्हती!

"नाही गेली."

"मंग बरं झालं," म्हातारा खाली बसला. "मले वाटलं, मले उशीर झाला."

आम्ही हसून हसून लोळलो. सदाशिवभाऊ हसला नाही. त्यानं विचारलं, "पण वहीत लिहून कोण ठेवत होतं? त्याले तू ओळखत होता का?"

* * *

आता एवढं पिकलेलं शेत समोर असताना माझ्यासारख्या खोड्या काढणाऱ्यानं हात बांधून बसायचं?

तुम्हाला माहीतच असेल, खरेदी केंद्रावर कापसात मशीनची सुई खुपसून ओल मोजतात. ओल बारा टक्क्यांच्या वर निघाली की माल वापस. मी नव्या सिमवरून सदाशिवभाऊला फोन लावला, तोंडावर दुपट्टा धरला अन हिंदीत म्हणालो, "हम जहाज से बोल रहे हैं. बैठने के पहले पैसेंजर का मॉइश्चर चेक होगा. बारह के ऊपर रिजेक्ट!"

"कायले?" तिकडून आवाज.

"जहाज भारी होता है."

दुसऱ्या दिवसापासून सदाशिवभाऊ घराच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर! उघड्या अंगानं भर उन्हात पालथा. ताक बंद, काकडी बंद. पाणी मागायचं तेही अर्धा पेला. शेजारचे विचारायचे तर म्हणायचा, "डॉक्टरनं सांगतलं, हाडं ठिसूळ झाले."

तिसऱ्या दिवशी तो साटीवर आला तेव्हा करपलेल्या पापडासारखा दिसत होता. मला बाजूला घेऊन हळूच विचारतो, "बापू, तू मापारी आहेस म्हणून विचारतो. सुई कोठी टोचतेत?"

मी म्हटलं, "पोतं पाहून ठरवतेत!"

* * *

चौथ्या दिवशी कमलवहिनी स्वतः टपरीवर आल्या. इतक्या वर्षांत त्या कधी तिथं आल्या नव्हत्या. गुरुजी उठून उभे राहिले. मी टपरीमागं सटकायला लागलो.

"भाऊजी, थांबा. फोन तुमीच केलता ना?"

"नाही वो वहिनी! मले कोठी हिंदी येते?"

"तेच म्हणते मी. जहाजवाल्याची हिंदी अशी नसते."

मला वाटलं आता चप्पल निघते. पण त्या साटीच्या टोकाला बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"चौतीस वर्षं झाले भाऊजी लग्नाले. ह्यायच्या संग मी जठी गेली, तठी एक तं सुरू व्हायच्या आधी होती, नाहीतं संपायच्या आधी निंगाली. मधातलं मी काहीच पाह्यलं नाही. जत्रा नाही, लग्न नाही, सर्कस नाही. मले समुद्र मधातून पाहाचा आहे. किनाऱ्यावरून नाही. मधातून."

मग त्या माझ्याकडे वळल्या.

"हे काहीतरी करून जहाज चुकवतीन. तुमी संग चाला. दारापर्यंत ह्यायले धरून ठेवा."

"मी? मुंबईले?"

गुरुजी म्हणाले, "बापू, शिक्षा अगदी योग्य आहे!"

त्याच दिवशी वहिनींनी नवरा-बायकोचे जहाजाचे पास अन आधार कार्डं स्वतःच्या थैलीत घातली. थैलीचं तोंड सुईदोऱ्यानं शिवून टाकलं.

* * *

रिझर्वेशन सदाशिवभाऊनं काढलं होतं. धामणगावहून रेल्वेत बसलो अन मुंबईत उतरलो तेव्हा कळलं, जहाज उद्याचं आहे!

"पाहून तं ठेवू जागा," तो म्हणाला. सकाळी आठला आम्ही बंदराच्या फाटकासमोर.

आता आमच्याकडची रीत अशी, की खरेदी केंद्रावर लाइन लागली अन तुम्हाला चहा प्यायला जायचं असलं, तर आपल्या जागेवर काहीतरी ठेवून जायचं. चप्पल, दगड, दुपट्टा. तो तुमचा नंबर. तालुक्यात कोणीही त्याला हात लावत नाही. सदाशिवभाऊनं फाटकाच्या ऐन समोर शिदोरीचं गाठोडं ठेवलं, वर दगड ठेवला, अन आम्ही रस्त्यापलीकडे चहाला गेलो.

पाच मिनिटांत एक शिपाई आला. गाठोड्याकडे पाहिलं. शिट्टी मारली. दुसरा आला, तिसरा आला. दोरी बांधली. लोकांना मागं ढकललं. रस्ता साफ रिकामा!

वहिनी म्हणाल्या, "अहो, जाऊन सांगा ना, आपलं आहे म्हणून."

"चूप राह्य," सदाशिवभाऊचे डोळे चमकत होते. "पाह्यलं? मांगचे सारे हटवले. आपला नंबर पह्यला!"

मग कुत्रा आला. चांगला घोड्याएवढा. त्यानं गाठोड्यात नाक खुपसलं. आत भाकरी अन वहिनींच्या हातचा ठेचा! कुत्रा जो शिंकायला लागला तो थांबेचना. त्याचा साहेब घाबरला. तेव्हा कुठं मी हात वर करून पुढं गेलो.

दोन घंटे बसवलं आम्हाला. मोठे साहेब मराठीच होते. त्यांनी सदाशिवभाऊजवळचा इंग्रजी कागद पाहिला, आम्हाला पाहिलं, अन विचारलं, "काका, जहाज उद्या दुपारी आहे. तुम्ही आज सकाळी इथं काय करताय?"

सदाशिवभाऊनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"साहेब, तुमी तं माह्याही आधी आले. तुमाले कोणं सांगतलं?"

* * *

दुसऱ्या दिवशी वहिनींनी ताबा घेतला. "साडेबारा म्हणजे साडेबारा. मिनिट आधी नाही." बारा पंचवीसला आम्ही फाटकावर.

फाटकाशी पंधरा-वीस माणसं. चाकाच्या बॅगा ओढत यायची, कागद दाखवायची अन आत. सदाशिवभाऊ थबकला.

"बापू, एवढं मोठं जहाज. अन लाइन एवढीशी?"

"चांगलंच आहे ना. चाला."

"चांगलं कसं? आपल्या खरेदी केंद्रावर समोरून बंड्यायची लाइन तीन तीन दिवस हालत नाही, अन मांगच्या गेटातून व्यापाऱ्याच्या गाड्या खाली होऊन जातेत. हे दाखवाचं गेट आहे. खरं गेट मांगं असन."

वहिनींनी त्याची बाही धरली. मी दुसरी धरली. पण हातातली बॅग खाली ठेवायला म्हणून मी वाकलो, तेवढ्यात हा बाही सोडवून निघाला. दोन पावलं परत आला अन मोबाइल माझ्या हातात कोंबला. "अठी खिसे कापतेत. दहा मिनिटात आलो!"

एक वाजला. दीड वाजला. मी एकदा भिंतीच्या कडेनं पार टोकापर्यंत जाऊन आलो. ती भिंत संपायचं नावच घेईना. अडीच वाजले. वहिनी बॅगेवर बसलेल्या, थैली मांडीवर. गोदामांच्या वर जहाजाचा पांढरा माथा दिसत होता. एवढं मोठं, की आमची जिनिंग त्याच्या देवघरात मावली असती.

सव्वातीनला फाटकावरचा शिपाई म्हणाला, "माताजी, आना है तो अभी आओ. फिर बंद."

वहिनींनी रस्त्याच्या या टोकाला पाहिलं, त्या टोकाला पाहिलं. मग दातानं थैलीचा दोरा तोडला. सदाशिवभाऊचा पास काढून माझ्या हातात दिला. स्वतःचा घट्ट धरला.

"भाऊजी, त्यायले सांगजा, कमल वेळेवर गेली."

शिपायानं पास पाहिला, "आइए" म्हणाला. बस्स, एवढंच. वहिनींनी पदर सारखा केला अन बॅग उचलून सरळ चालत गेल्या. मागं वळून पाहिलं नाही.

साडेतीनला लोखंडी फाटक लागलं.

चारला दहा मिनिटं असतील. सदाशिवभाऊ लांबून पळत येताना दिसला. सदरा घामानं चिंब, एका पायातली चप्पल हातात, अन चेहऱ्यावर असा आनंद, की कापूस चांगला पिकायचा त्या सालांतही मी कधी पाहिला नव्हता. तिकडूनच ओरडला,

"बापू! भेटलं ना मांगचं गेट! एक माणूस नाही लाइनीत! कमलले बोलाव लवकर!"